मेथ्या, इसबगोल, जव आणि साखर : वनस्पतींतल्या पॉलिसॅकराइडचा मधुमेहात नेमका उपयोग किती?

तगर

हल्ली ओळखीतली माणसं मला एकाच धाटणीच्या जाहिराती पाठवतात. अमुक वनस्पतीतून काढलेलं पॉलिसॅकराइड, दिवसाला एक कॅप्सूल, 'शुगर नैसर्गिकरीत्या आटोक्यात', आणि खाली बारीक अक्षरात कुठल्यातरी शोधनिबंधाचा उल्लेख. मी अन्नरसायनशास्त्रात काम करते. डिंक आणि चिकट तंतू हा माझा रोजचा विषय, म्हणून हा धागा काढतेय. इथे डॉक्टर आहेत, संशोधन करणारे आहेत, घरात मधुमेह असलेले तर बहुतेक सगळेच. त्यांनी भर घालावी.

माझं म्हणणं आधीच सांगते. वनस्पतींतली काही पॉलिसॅकराइड साखर आटोक्यात ठेवायला मदत करतात, आणि याला माणसांवरच्या अभ्यासांचा चांगला आधार आहे. पण तो आधार काही ग्रॅम, जेवणाबरोबर, चालू औषधांच्या जोडीने घेण्याला आहे. चारपाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलला तो आपोआप लागू होत नाही.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. भातातला, पोळीतला, बटाट्यातला स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच आहे, आणि जेवणानंतर साखर वाढते ती मुख्यतः त्याच्यामुळे. फरक जोडणीचा. स्टार्चमधले बंध आपल्या लाळेतली आणि स्वादुपिंडातली विकरं पटापट तोडतात. मेथीतलं गॅलॅक्टोमॅनन, जवातलं बीटा-ग्लुकन, इसबगोलातलं अरॅबिनोझायलन किंवा फळांतलं पेक्टिन यांचे बंध तोडणारी विकरं आपल्याकडे नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यापर्यंत जातात, आणि वाटेत पाणी शोषून घट्ट होतात.

हा घट्टपणाच कळीचा आहे. १९७६ मध्ये डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या रुग्णांच्या जेवणात गवारीच्या बियांचा डिंक आणि पेक्टिन घालून पाहिलं. जेवणानंतरची साखर कमी चढली. मग १९७८ मध्ये त्यांनी निरोगी माणसांना ग्लुकोजच्या पाण्यात निरनिराळे तंतू मिसळून दिले. जो पदार्थ जास्त घट्ट, त्याचा परिणाम जास्त, असं दिसलं. गवारीचा डिंक सर्वांत पुढे होता. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. त्याच डिंकाच्या साखळ्या आधी तोडून, पातळ करून दिल्या, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. रासायनिक घटक तेच होते, घट्टपणा तेवढा गेला होता. (पुढे १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कुठला पदार्थ साखर किती चढवतो ते मोजण्याची, कल्पना मांडणारे जेंकिन्स ते हेच.)

घट्टपणाने होतं काय? पातळ ताक आणि घट्ट पिठलं यांतून साखरेचा कण कडेला पोचायला जेवढा वेगळा वेळ लागेल, तसं आतड्यात घडतं. जठर सावकाश रिकामं होतं, विकरांना स्टार्चपर्यंत पोचायला वेळ लागतो, सुटलेलं ग्लुकोज आतड्याच्या भिंतीकडे हळू सरकतं. शेवटी साखर रक्तात जातेच, पण एकदम उसळत नाही.

मेथीबद्दल आपल्याच देशात काम झालंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या आर. डी. शर्मा यांच्या गटाचा १९९० चा अभ्यास सारखा उद्धृत होतो. टाइप १ च्या (ज्यात शरीर इन्शुलिनच बनवत नाही) रुग्णांना दहा दिवस तेल काढलेली मेथीपूड दिली आणि चोवीस तासांच्या लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. जाहिरातीत एवढंच छापतात. मात्रा छापत नाहीत. ती होती रोज १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून. शंभर ग्रॅम मेथी म्हणजे कडू लागणारी भली मोठी वाटी, तीही रोज.

त्यापेक्षा रोजच्या आयुष्यात बसेल असा अभ्यास २०१५ मध्ये आला. तोही भारतातलाच. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या १४० लोकांपैकी काहींना पाच ग्रॅम मेथीपूड दिवसातून दोनदा, तीन वर्षं दिली. मेथी न घेणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याची शक्यता ४.२ पट जास्त निघाली. अभ्यास लहान आहे, आणि मेथीची चव-वास लपवणं अवघड, म्हणून यावरून मोठे दावे करू नयेत. पण पाच ग्रॅम जेवणाआधी ही माणसाला जमणारी गोष्ट आहे.

इसबगोलाचा पुरावा मला सर्वांत भक्कम वाटतो. २०१५ मध्ये बऱ्याच चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं. टाइप २ च्या रुग्णांत उपाशीपोटीची साखर सरासरी ३७ मिग्रॅ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, टक्क्यांत) ०.९७ ने उतरलेलं दिसलं. ज्यांची साखर मुळात जास्त, त्यांना फायदा जास्त. ज्यांची ठीक, त्यांना जवळपास नाही. हेही लक्षात ठेवावं की त्या विश्लेषणामागचे काही लेखक इसबगोलाचं उत्पादन विकणाऱ्या कंपनीशी जोडलेले होते. मी त्यामुळे निष्कर्ष फेकून देत नाही, पण आकडा थोडा हात राखून वाचते.

राहिली ती लांबलचक यादी: अ‍ॅस्ट्रागॅलस, गोजी बेरी, डेंड्रोबियम ऑर्किड, तुतीची पानं, भोपळा, चहा. यांच्या पॉलिसॅकराइडवर निबंधांचा ढीग आहे, विशेषतः चीनमधून. बहुतेक उंदरांवरचे आहेत. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू.

सुमेधा_क

तगरताई, नेमक्या वेळेला धागा आला. माझी आई रात्री मेथ्या भिजवते, सकाळी उपाशीपोटी पाणी पिते आणि दाणे कुंडीत टाकते. सोबत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू आहे. याचा काही उपयोग होतो का?

तगर

सुमेधा, गॅलॅक्टोमॅनन दाण्याच्या आतल्या थरात असतं. रात्रभर भिजल्यावर दाणा फुगतो, थोडा बुळबुळीत अंश पाण्यात उतरतो, पण बराचसा दाण्यातच राहतो. म्हणजे कामाचा भाग आईंच्या कुंडीत जातोय. दुसरं, उपाशीपोटी घट्टपणा कुणाला अडवणार? तिथे स्टार्चच नाही. भिजवलेले दाणे चावून किंवा पूड करून जेवणाच्या सुरुवातीला घेतले तर अर्थ आहे.

जाता जाता, मेथीच्या पालेभाजीत हा डिंक नसतो, तो बियांत असतो. गवारीचंही तेच. डिंक निघतो तो वाळलेल्या बियांपासून. आपण भाजीला घेतो ती कोवळी शेंग. दोन्ही भाज्या मधुमेहात उत्तमच, पण त्यांना गवार डिंकाचे आकडे चिकटवू नयेत.

अण्णा_मिरज

तगर, लेख आवडला. एक भर घालतो. आपल्याकडे ही समज नवी नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेह त्यातच मोडतो) रुग्णाच्या आहारात जवाला प्रमुख स्थान आहे. जवाची पेज, जवाचं पीठ, जवाचे निरनिराळे प्रकार. आज तुम्ही ज्याला बीटा-ग्लुकन म्हणता ते त्यांनी बघितलं नव्हतं, पण रुग्ण बघितले होते. नंतर घराघरांतून जव गेले आणि गहू-तांदूळ राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या लहानपणी जवाची भाकरी आजारी माणसासाठी तरी व्हायची.

तगर

अण्णा, मनापासून सहमत. आणि जवाच्या बाबतीत मात्रेचा प्रश्न मोजूनच मांडते, कारण तिथे फार गैरसमज आहेत.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये ओट्स आणि जवाच्या बीटा-ग्लुकनबद्दलचा दावा मान्य केला, पण अट घातली: त्याच जेवणातल्या दर ३० ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन. आता शंभर ग्रॅम साध्या ओट्समध्ये साधारण ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन आणि ५५-६० ग्रॅम पचणारी कर्बोदकं असतात. म्हणजे नुसते ओट्स खाल्ले तर प्रमाण अटीच्या निम्म्यावरच येतं. सर्वसाधारण जवातही फार वेगळं चित्र नाही. ओट्सचा कोंडा घेतला तर आकडा सुधारतो. शिवाय जितकं बारीक दळाल, जितकं आधी शिजवून चपटं कराल, तितका परिणाम घटतो. झटपट होणारे ओट्स साखर अख्ख्या किंवा भरड ओट्सपेक्षा जास्त चढवतात.

म्हणून पोहे-इडलीऐवजी जव किंवा भरड ओट्स खाल्ले तर फायदा. नेहमीचा नाश्ता झाल्यावर वर वाटीभर ओट्स खाल्ले तर कर्बोदकंच वाढली. आणि दुकानातून सातूचं पीठ घेताना पुडीवर बघावं, पुष्कळदा त्यात गहू आणि डाळवंच असतं, जव असतीलच असं नाही.

डॉ_शिरीष

मी फिजिशियन आहे, रोजच्या ओपीडीत निम्म्याहून जास्त लोक मधुमेहाचे. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर, तेव्हा हा विषय कुणाच्याच घरापासून लांब नाही. धाग्याला पाठिंबा आहे. फक्त काही गोष्टी ठळकपणे सांगायला हव्यात.

पाणी. इसबगोल, गवार डिंक, ग्लुकोमॅनन (एका कंदातलं पॉलिसॅकराइड) हे सगळं फुगतं. कमी पाण्याबरोबर किंवा कोरडं घेतलं तर अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतं. अमेरिकेत १९९० च्या सुमारास गवार डिंकाच्या वजन उतरवण्याच्या गोळ्या विकल्या जात होत्या, अन्ननलिका बंद होण्याचे इतके प्रकार झाले की त्या बाजारातून काढाव्या लागल्या. पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यावं, वर आणखी पाणी प्यावं, आणि लगेच आडवं होऊ नये. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना देऊच नये.

जुना मधुमेह असलेल्या काहींचं जठर मुळातच सावकाश रिकामं होतं. जेवण पोटात तसंच राहिल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, उलटी होते. अशांना घट्ट तंतू दिले तर त्रास वाढतो, क्वचित पोटात गोळा बनतो. आधी तपासून घ्या.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना अचानक भरपूर तंतू सुरू केले तर साखर खालीही जाऊ शकते. थोड्यापासून सुरुवात, ग्लुकोमीटरवर नोंद, आणि गोळीची मात्रा डॉक्टरांनीच बदलायची.

औषधांची वेळ. हे तंतू इतर औषधांचं शोषणही मंदावतात. थायरॉइडची गोळी, काही फिट्सची औषधं, लिथियम यांच्याबाबत विशेष काळजी. साधारण दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीपासून त्याहून जास्त. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर मेथीची पूड औषधासारखी रोज घेऊ नका, आधी विचारा. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मेथीचीही होऊ शकते.

दिवाकर_नेवासा

डॉक्टरसाहेब, भेंडीच्या पाण्याचं काय? आमच्या भावकीत दोघं जण रात्री भेंडी चिरून पाण्यात ठेवतात, सकाळी ते बुळबुळीत पाणी पितात आणि त्यावरच मेटफॉर्मिनची गोळी घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

नीलाक्षी

दिवाकरदादा, याच्यावर थेट उत्तर देणारा एक अभ्यास आहे. ढाक्यातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांना भेंडीचा पाण्यात विरघळणारा भाग दिला. ग्लुकोजचं शोषण कमी झालं, हे खरं. पण त्याच भागाबरोबर मेटफॉर्मिन दिलं तेव्हा मेटफॉर्मिनचंही शोषण घटलं. माणसांत ते किती होतं हे वेगळं पाहायला हवं, पण भेंडीच्या पाण्याबरोबरच गोळी गिळायची, ही पद्धत आजच बंद करायला सांगा. भेंडीची भाजी जेवणात खावी, ती चांगलीच आहे.

मी या विषयावर पीएचडी करते, म्हणून उंदरांच्या निबंधांबद्दल मीच लिहिते.

बहुतेक निबंधांची रचना ठरलेली असते. वनस्पती वाळवून गरम पाण्यात उकळायची, अर्कात अल्कोहोल ओतून पॉलिसॅकराइड खाली बसवायचं, त्यातली प्रथिनं काढायची, आणि उंदरांना रोज तोंडाने द्यायचं. उंदरांना मधुमेह करण्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचतात. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारतं. आता हा मधुमेह आपल्या बहुतेक रुग्णांच्या टाइप २ सारखा नाही. पेशी विषाने मेल्यात, वर्षानुवर्षांच्या इन्शुलिन प्रतिरोधाने थकलेल्या नाहीत. चरबीयुक्त आहार देऊन त्यावर थोडं स्ट्रेप्टोझोटोसिन, ही पद्धत जरा जवळची, पण तीही नक्कलच.

मात्रेचा हिशोब बघा. उंदरांच्या निबंधांत वजनाच्या दर किलोला २०० ते ४०० मिग्रॅ हे नेहमीचं. मोठ्या पांढऱ्या उंदरावरून माणसाची मात्रा काढताना ६.२ ने भागतात, लहान उंदरावरून १२.३ ने. म्हणजे ४०० ला मोठ्या उंदराच्या हिशोबाने दर किलोला सुमारे ६५ मिग्रॅ, ६० किलोच्या माणसाला जवळपास चार ग्रॅम. लहान उंदराच्या हिशोबाने दोन ग्रॅम. त्या निबंधाचा हवाला देऊन जी कॅप्सूल विकतात तिच्यात अर्धा ग्रॅमही नसतो.

आणि शुद्धतेचा प्रश्न मला रोज छळतो. वनस्पतीचं पॉलिसॅकराइड हा एक ठरावीक रेणू नसतो, लहानमोठ्या साखळ्यांची गर्दी असते. पीक कुठल्या हंगामातलं, अर्क किती तापमानाला काढला, यावर साखळ्यांची लांबी बदलते. त्यांना चिकटून पॉलिफेनॉलसारखे छोटे रेणूही येतात, आणि कधीकधी परिणाम त्यांचाच असतो. दोन प्रयोगशाळांनी एकाच नावाखाली काढलेला माल एकसारखा असेल याची खात्री नाही. मेटफॉर्मिनशी तुलना करा. त्याचं मूळही वनस्पतीतच, गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झुडपातल्या गॅलेजिनमधून त्या औषधाच्या कुळाचा माग लागला. पण मेटफॉर्मिन हा एकच लहान रेणू आहे, प्रत्येक गोळीत तोच, तितकाच. पॉलिसॅकराइडबाबत तिथपर्यंत पोचायला खूप काम बाकी आहे.

तगर

नीलाक्षी, फार उपयुक्त. मात्रेचा हिशोब तर छापून भिंतीवर लावावा असा आहे.

नीलाक्षी

पण ताई, एका बाबतीत तुझ्याशी माझं जमत नाही. सगळं घट्टपणावर सोपवणं मला पटत नाही. इन्युलिन (इन्शुलिन नव्हे, हेही वनस्पतींतलं एक पॉलिसॅकराइड) घे. पाण्यात सहज विरघळतं, जवळपास घट्ट होतच नाही, तरी मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आवडीने खातात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान आम्लं तयार होतात. ती आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना चाळवतात, आणि त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडतात. इन्शुलिनला मदत, भुकेला लगाम.

चीनमधल्या झाओ लिपिंग यांच्या गटाचा २०१८ चा अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. टाइप २ चे ४३ रुग्ण, बारा आठवडे. एका गटाला धान्यं, पारंपरिक औषधी अन्न आणि निरनिराळे तंतू असलेला आहार, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. अकारबोज, म्हणजे स्टार्चचं पचन मंदावणारं औषध, दोघांनाही. तंतूवाल्या गटातल्या ८९ टक्के लोकांचं एचबीए१सी ७ च्या खाली आलं, दुसऱ्यात ५० टक्के. आणि ठरावीक जिवाणू वाढले होते, ज्यांच्यात ते जास्त प्रकारचे वाढले त्यांना फायदा जास्त.

तगर

हा मुद्दा मान्य, आणि मूळ लेखात तो यायला हवा होता इतका मोठा आहे. तरी एक सांगते. तुझ्या उदाहरणातही एकच शुद्ध पॉलिसॅकराइड नाही, ताटभर निरनिराळे तंतू आहेत. मनीषा चांदलिया यांचा २००० चा डलासमधला अभ्यास आठव. तेरा रुग्ण, दोन आहार, प्रत्येकी सहा आठवडे. एकात २४ ग्रॅम तंतू, दुसऱ्यात ५० ग्रॅम, आणि तेही नेहमीच्या फळं-भाज्या-धान्यांतून, पूड नाही, गोळी नाही. जेवणाआधीची साखर १३ मिग्रॅने कमी. घट्टपणा असो की जिवाणू, दोन्ही वाटा ताटातूनच जातात.

आणि जीएलपी-१ वरून आठवलं. समाजमाध्यमांवर इसबगोलाला सेमाग्लुटाइडचा (जीएलपी-१ सारखं काम करणारं औषध) स्वस्त पर्याय म्हणतात. आपल्या शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइडला निम्मं व्हायला आठवडा लागतो, म्हणूनच ते आठवड्यातून एकदा टोचतात. दोन्हींचं बळ एका तराजूत तोलता येत नाही.

परदेशी_पाहुणी

मी ओसाकात राहते. इथे कोन्याकू घरोघरी असतो. राखाडी, लिबलिबीत वडी, जवळजवळ ९७ टक्के पाणी, उरलेल्यात मुख्य ग्लुकोमॅनन. त्याच्या शेवया म्हणजे शिराताकी. मधुमेही लोक भाताऐवजी किंवा भातात मिसळून खातात आणि ते मला शहाणपणाचं वाटतं, कारण भात कमी होतो. कोकणातल्या मंडळींना सांगायला आवडेल: ज्या कंदापासून हे बनतं तो आपल्या सुरणाच्याच कुळातला, अमॉर्फोफॅलस. पावसाच्या तोंडावर मिळणारी शेवळंही त्यातलीच.

डॉक्टरांनी अडकण्याबद्दल लिहिलंय ते इथे फार गांभीर्याने घेतात. कोन्याकूच्या जेलीचे छोटे कप मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या घशात अडकून मृत्यू झालेत. युरोपीय संघाने तर जेलीच्या गोळ्यांत तो वापरायला बंदी घातली आहे.

अण्णा_मिरज

मग सुरणातही हे ग्लुकोमॅनन मिळतं का?

तगर

अण्णा, कूळ तेच पण सुरणात प्रामुख्याने स्टार्च असतो. कोन्याकूच्या जागी सुरण धरू नका. तंतू म्हणून भाजी चांगली, पण भाताबरोबर मोजून.

मुक्ता_ठाणे

हळीव, सब्जा, जवस यांच्याबद्दलही कोणी सांगेल का? आणि डिंकाच्या लाडूंबद्दल सासूबाई विचारतात.

तगर

हळीव, सब्जा आणि जवस, तिघांच्याही सालीवर बुळबुळीत थर आहे, पाण्यात टाकताच दिसतो. जेवणाबरोबर चमचाभर घ्यायला हरकत नाही. पण मेथी आणि इसबगोलाएवढं माणसांवरचं काम यांच्यावर नाही. डिंकाचा लाडू सांगायचा तर खाण्याचा डिंक पाण्यात विरघळतो पण फारसा घट्ट होत नाही, आणि लाडवात गूळ-खोबरं-तूप त्याच्या कितीतरी पट. बाळंतिणीसाठी, थंडीसाठी ठीक, साखरेसाठी नाही.

चिंचोक्याचा डिंकही याच कुळातला आहे. घोंगडीला खळ चढवतात ती चिंचोक्याचीच, इतका तो घट्ट. त्याच्यावरचं मधुमेहाचं काम अजून प्रामुख्याने प्राण्यांवर आहे.

एक_बाबा

मी फक्त वाचत असतो, आज लिहितोय. माझ्या मुलाला टाइप १ आहे, शाळेत जातो. घरातली मोठी माणसं सारखी सांगतात, इन्शुलिनची सवय लागेल, मेथी आणि अमुक पूड द्या, सुया बंद करा. शर्मांचा अभ्यास टाइप १ वरचाच आहे असं वाचलं आणि घाबरलो. उद्या हाच धागा कोणी मला पाठवील आणि म्हणेल, बघा, सिद्ध झालंय.

डॉ_शिरीष

बरं झालं लिहिलंत. स्पष्ट सांगतो, तुम्ही हाच प्रतिसाद त्यांना पाठवा. टाइप १ मध्ये शरीर इन्शुलिन बनवत नाही. कुठलीही मेथी, कुठलंही पॉलिसॅकराइड ते बनवून देत नाही. त्या अभ्यासातले रुग्ण इन्शुलिनवर अवलंबून असलेलेच होते. मेथी आहारात वाढवली होती, इन्शुलिनच्या बदल्यात दिली नव्हती. टाइप १ च्या मुलाचं इन्शुलिन थांबलं तर एकदोन दिवसांत रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. इन्शुलिनची सवय लागत नाही, ते त्याला जगायला लागतं. मुलगा व्यवस्थित वाढावा, खेळावा, यासाठी त्याला ते द्यायचंच आहे. आहारात तंतू जरूर असू देत, पण इन्शुलिनची वेळ आणि मात्रा त्याच्या डॉक्टरांशी जुळवून.

एक_बाबा

धन्यवाद डॉक्टर. पाठवतोय आत्ताच.

तगर

एक_बाबा, मूळ लेखात शर्मांच्या परिच्छेदाखाली डॉक्टरांचं हे वाक्य जोडायला संपादकांना सांगते, म्हणजे कोणी अर्धवट कापून फिरवलं तरी सोबत जाईल.

मुक्ता_ठाणे

शिळ्या भाताचं राहिलं. थंड केलेल्या भातात साखर कमी होते म्हणतात.

नीलाक्षी

साखर कमी होत नाही, थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो. एका अभ्यासात ताज्या भातात शंभर ग्रॅमला ०.६४ ग्रॅम असा स्टार्च होता, चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर १.६५ ग्रॅम. वाढ झाली, पण शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅम. तेवढ्यासाठी जास्त भात वाढून घेऊ नये. आणि भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका, जिवाणू वाढून पोट बिघडतं; निवल्याबरोबर फ्रिजमध्ये.

सुमेधा_क

आईशी बोलले. दाणे कुंडीत जाणार नाहीत. तिला पूड कडू लागते, म्हणून इसबगोल सुरू करावं असं वाटतंय. किती आणि कसं? तिला मेटफॉर्मिन आहे, बीपीची गोळी आहे, सकाळी थायरॉइडची गोळी आहे.

डॉ_शिरीष

चाचण्यांत दिवसाला साधारण दहा ग्रॅम, दोन-तीन भागांत, जेवणाच्या थोडं आधी दिलं जातं. आईंना सुरुवात एका छोट्या चमच्याने, रात्रीच्या जेवणाआधी, मोठा ग्लासभर पाण्यात. पोट फुगलं तर आठवडाभर तेवढ्यावरच थांबा, मग वाढवा. साखर घातलेली, चवीची इसबगोलं बाजारात आहेत, ती नकोत. साधी भुशी घ्या. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर मोजा, इसबगोल घेतल्याचे आणि न घेतल्याचे दिवस वेगळे लिहा, म्हणजे त्यांच्या शरीरात फरक पडतो का ते दिसेल. गिळताना त्रास होतो का, आणि पूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालंय का, हे मात्र त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगून मगच.

सुमेधा_क

ऑपरेशन नाही, गिळायलाही त्रास नाही. सगळ्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा एका कागदावर लिहून शनिवारी डॉक्टरांकडे नेते. त्यांनी काही वेगळं सांगितलं तर इथे टाकीन.

तगर

नक्की टाक. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या आणि इसबगोल रात्री, असं ठेवलंस तर अंतराचा प्रश्न येणार नाही. मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणाबरोबर असेल तर ती वेळ मात्र डॉक्टरांना मुद्दाम विचार, कारण इसबगोलही तेव्हाच येतंय.